पान एकसष्ट, आणि चौसष्टसुद्धा

मेंदोसा, १६ मे २०१९

इंजिनिअर ओफेलिया बेर्तोना यांना,

अकरा वर्षांनी लिहिलेल्या पत्रात आधी प्रकृती विचारावी असा शिरस्ता आहे. पण ‘माझ्या प्रकृतीची आठवण व्हायला तुला अकरा वर्षं लागली का रे?’ असे तुम्ही विचाराल. म्हणून सरळ कामाचे लिहितो. काम किरकोळ आहे. फॅकल्टी कौन्सिलने तुमच्यावर ठेवलेल्या ठपक्याशी त्याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

झाले असे. मंगळवारी ‘विश्लेषण–तीन’चा तास होता. तोच चौदा नंबरचा वर्ग, तीच हिवाळ्यात न तापणारी शेगडी. विषय, विहिरीकडे चहूबाजूंनी येणारे पाणी. मी टिपणे न घेता गेलो होतो. बावन्नाव्या वर्षी माणूस वर्गात टिपणे नेत नाही. काही लोक याला प्रभुत्व म्हणतात. फळ्यावर तो आपला उलटा त्रिकोण काढला, नाब्ला, ज्याला तुम्ही वीस वर्षे वर्गात पाऊल टाकू दिले नव्हते. त्याचे तीन घटक लिहिले: केंद्रापासूनच्या अंतराचा, कोनाचा, उंचीचा. मग वेगाच्या सदिशाशी त्याचा गुणाकार केला, कुठल्याही दोन सदिशांचा करतात तसा. ओळ सुबक आली. खडू ठेवणार, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून आयलेन नावाची मुलगी म्हणाली,

“सर, एक पद गळालंय.”

“कुठलं?”

“वेग भागिले अंतर. तुमच्याच टिपणांत आहे की. पान एकसष्ट.”

“टिपणं माझी आहेत, बाळ. त्यांत काय आहे ते मला ठाऊक आहे.”

“मग फळा कुणाचा आहे?”

वर्ग हसला. मीही हसलो, जरा उशिरा.

घरी येऊन एकसष्टावे पान उघडले. पोरगी बरोबर होती. पद तिथे आहे, आणि त्याच्या शेजारी ते कुठून आले हे दाखवणारी आकृती आहे: वर्तुळातून कापलेला पाचरीसारखा डबा, आतली बाजू अरुंद, बाहेरची रुंद. सुरेख डबा. अडचण एवढीच, की तो मी काढल्याचे मला आठवत नाही. मला डबे काढता येत नाहीत हे तुमच्याइतके कुणालाच ठाऊक नसेल. नऊ वर्षे तुमचा सहायक होतो, आणि माझ्या प्रत्येक डब्याखाली तुम्ही लाल शाईने ‘हा बटाटा आहे’ असे लिहीत आलात.

तर विचारायचे एवढेच: त्या आकृतीबद्दल तुम्हाला काही आठवते का? नसेल आठवत तरी चालेल.

डॉ. वामन खांबेटे


मेंदोसा, ३१ मे २०१९

इंजिनिअरबाई,

उत्तर आले नाही. तुमच्या मालार्ग्वे गावी टपाल शेळ्यांच्या पाठीवरून जात असेल, अशी मी माझी समजूत घातली आहे.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. ते पत्र लिहिण्याआधीच मी माझे हस्तलिखित शोधून काढले होते. जिन्याखालच्या ट्रंकेत होते. एकसष्टावे पान काढले. त्यात ते पद नाही. डबाही नाही. माझ्या अक्षरात, अतिशय आत्मविश्वासाने लिहिले आहे: ‘नाब्ला हा सदिशच समजावा, आणि नेहमीप्रमाणे गुणाकार करावा.’ खाली दोन रेघा ओढल्या आहेत. म्हणजे मंगळवारी फळ्यावर जी चूक झाली ती वयाची नव्हती. ती अकरा वर्षे जुनी, माझीच, चांगली मुरलेली चूक होती. मी फक्त पुन्हा तिथे पोहोचलो.

मग छापील पानावर बरोबर कसे आले?

तळघरात गेलो, विद्यार्थी संघाच्या झेरॉक्सच्या खोलीत. रूलो, म्हणजे ‘कुरळ्या’, अजून तिथेच आहे. केस गेले, टोपणनाव राहिले.

“रूलो, दोन हजार आठची माझी मूळ पानं आहेत का रे तुझ्याकडे?”

“अहो डॉक्टर, माझ्याकडे बायकोची लग्नाआधीची पत्रंसुद्धा आहेत. बसा.”

वाइनच्या खोक्यांच्या उतरंडीतून त्याने एक खोके ओढले, धूळ फुंकली ती माझ्या तोंडावर, आणि गठ्ठा काढून दिला. एकसष्टावे पान हाताला जाड लागले. उजेडात धरले. माझ्या दोन रेघांवर पांढरा रंग, त्यावर चिकटवलेली कागदाची पट्टी, आणि पट्टीवर तुमचे अक्षर. सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ देणारे सगळ्या फॅकल्टीत दहाजण आहेत. पण त्या रेघेला शेवटी किंचित वर उचलणाऱ्या तुम्ही एकट्या.

“हे काय आहे?”

“ते बाईंचं. पंधरा दिवस रोज येऊन बसायच्या की, त्या तिथं, स्टेपलरशेजारी. कात्री, गोंद, चष्म्यावर दुसरा चष्मा. सगळं पान न् पान वाचलं त्यांनी. मला म्हणाल्या, मी हो म्हणेपर्यंत एक जरी प्रत काढलीस तर तुझ्या मशीनमध्ये आटवलेलं दूध ओतीन.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“त्यांनीच बजावलं होतं, डॉक्टरला कळता कामा नये. आणि तुम्ही मला विचारलंत कधी? तुम्ही तर वर जाऊन कौन्सिलला विचारलंत.”



ते पद नसते तर काय झाले असते, ते मी घरी येऊन करून पाहिले. माझ्या सूत्राप्रमाणे विहिरीकडे येणारे पाणी शंभर मीटरवर जेवढ्या वेगाने चालते तेवढ्याच वेगाने विहिरीच्या काठाशीही चालते. मोरीतले पाणी जाताना बघितलेले कुठलेही मूल सांगेल की असे होत नाही. जागा आकसत जाते, पाणी दाटते, घाई करते. सगळे मैदान एका दारातून बाहेर पडू लागले की दाराशी जे होते तेच. एवढी गोष्ट मला दिसली नाही, कारण मी पाण्याकडे बघतच नव्हतो. मी चिन्हाकडे बघत होतो.

तुम्ही हेच म्हणायचात. “हा त्रिकोण सदिशाचे कपडे घालून आलाय, वामन. सदिश नाहीये तो. सरळ चौकोनी खोलीत नीट वागतो, गोल खोलीत गेला की घसरतो. पोरं फसतील.” आणि म्हणून तुमच्या फळ्यावर कायम शब्द: ग्रादिएंते, दिवेर्खेन्सिया, रोतोर, म्हणजे चढ, फैलाव, फिरणे. पूर्ण, एकही अक्षर न गाळता. मी म्हणायचो, बाई, मी वाईच्या पाठशाळेत सात वर्षे व्याकरण घोकले आहे. तिथे अर्धी मात्रा वाचवण्यासाठी लोकांनी आयुष्ये घालवली. तीन क्रियांना एक चिन्ह पुरत असताना तुम्ही तीन लांबलचक शब्द लिहिता हे मला बघवत नाही. तुम्ही म्हणायचात, “शब्द लांब असला की पोरगं त्याच्याकडे बघून विचार करतं. आणि दिवेर्खेन्सियाशी गुणाकार करायला कुणी जात नाही.”

पोरे फसतील की नाही कोण जाणे. त्यांच्या आधी मी फसलो.

बाई, ज्या टिपणांनी तुमची पद्धत मोडीत निघणार होती ती टिपणे तुम्ही पंधरा दिवस तळघरात बसून दुरुस्त केलीत. मला न सांगता. आभार मानतो. मराठीत, स्पॅनिशमध्ये आणि लागल्यास संस्कृतमध्येही मानतो, पण हा शब्द कुठल्याही भाषेत आखूडच पडतो, असे प्रथमच वाटले.

वामन खांबेटे


मेंदोसा, २० जून २०१९

बाई,

तुमचे कार्ड मिळाले. पुढे शेळी. मागे मजकूर, संपूर्ण: “चौसष्टसुद्धा. ओ. बे.”

मी तीन पायऱ्या एकदम उतरून तळघरात गेलो. चौसष्टावे पानही जाड.

तिथे रोतोर आहे. आमच्याकडच्या परिभाषा करणाऱ्या पंडितांनी याला ‘कुंतल’ म्हटले आहे, म्हणजे बाईच्या कपाळावरची बट. हे मी तुम्हाला पहिल्या वर्षी सांगितले तेव्हा तुम्ही दोन दिवस हसत होता. तर माझ्या हस्तलिखितातल्या कुंतलातूनही तसेच एक पद गळालेले. त्या हिशेबाने चौकातले मुलांचे चक्र जेवढे फिरते त्याच्या निम्मेच फिरणे सूत्रात उतरते. निम्मी पोरे घोड्यांवरून कुठे जातात हे मी लिहिलेले नाही. पट्टीवर तुम्ही बारीक अक्षरात चक्रच काढले आहे, घोड्यांसकट. एका घोड्याला शेपूट नाही. शाई संपली होती का वेळ?

आता ठपक्याबद्दल. पहिल्या पत्रात म्हटले की त्याच्याशी संबंध नाही. पूर्ण संबंध आहे.

दोन हजार आठच्या जूनमध्ये टिपणे छपाईला देऊन दोन आठवडे झाले तरी प्रत निघेना. कुणीतरी सांगितले, बेर्तोनाबाईंनी रूलोला थांबवले आहे. मी तुमच्या खोलीपर्यंत आलो होतो. तुमच्या दाराशी उभा राहिलो, आत उजेड होता. दार वाजवले नाही. जिना चढून सचिवांकडे गेलो आणि तक्रार लिहून दिली: ‘प्रा. बेर्तोना यांनी अधिकाराचा गैरवापर करून विद्यार्थ्यांचे अभ्याससाहित्य अडवून ठेवले आहे.’ कौन्सिलसमोर ते वाचून दाखवले. वाचताना कागदावर नसलेला एक शब्द मी आपणहून घातला: ‘हेव्यापोटी.’ तो शब्द इतिवृत्तात आहे. मी काल जाऊन पाहिला. स्वच्छ टाइप केलेला आहे.

तुम्हाला विचारले, काही म्हणायचे आहे का? तुम्ही म्हणालात, “छपाई मी थांबवली, हे खरं आहे.” एवढेच. खडूची पेटी उचललीत आणि गेलात. डिसेंबरात निवृत्त झालात. चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर ज्यांना ‘एमेरिता’ करतात, म्हणजे जन्मभर सन्मानाने परीक्षेच्या टेबलावर बसायचा हक्क देतात, त्या यादीत तुमचे नाव घेता आले नाही, कारण दप्तरात ठपका होता. इथल्या रिवाजाप्रमाणे निरोपाच्या जेवणाचे मांससुद्धा कुणी भाजले नाही. तुमच्या रिकाम्या खुर्चीवर मी बसलो. खुर्ची उंच होती, ती मी खाली करून घेतली.

आणि मी कोणाशी हे असे वागलो? नव्याण्णव साली स्पॅनिशचे अकरा शब्द घेऊन मी इथे उतरलो, तेव्हा माझ्या पहिल्या तासाला तुम्ही शेवटच्या बाकावर बसला होता. मी अडलो की हवा तो शब्द मोठ्या पुठ्ठ्यावर लिहून वर धरायचात. पोरांनी मागे वळून पाहिले की डोके खाजवायचात. तासभर हे चालले. त्या पुठ्ठ्यांतला एक अजून माझ्या कपाटात आहे: ‘म्हणून.’ तुमचे म्हणणे, हा शब्द आला की गणित शिकवता येते.

सचिव एचार्तबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, अकरा वर्षं कुणी त्या फायलीकडे पाहिलं नाही. आता कशाला खाज?” मी म्हटले, नियम सांगा. नियम असा: ठपका काढून टाकायचा तर ज्याच्यावर ठेवला त्याने लेखी अर्ज करावा लागतो. अर्ज सोबत पाठवत आहे. मी भरून ठेवला आहे, फक्त तुमची सही हवी. कौन्सिलची बैठक २८ ऑगस्टला आहे. ठपका गेला की त्याच दिवशी एमेरिताचा प्रस्ताव मी मांडतो, बोललो आहे. सही करा, बाई. माझ्यासाठी नको. मी त्या लायकीचा नाही, ते पान चौसष्टवर सिद्ध झाले आहे.

वामन


मेंदोसा, ५ जुलै २०१९

बाई,

तुमची चिठ्ठी. उतरवून घेतो, म्हणजे नंतर वाद नको: “शनिवार, वीस तारीख, सकाळी दहा. तोंडी परीक्षा. टिपणं आणायची नाहीत. पास झालास तर अर्जाचं बोलू.”

मान्य.

अभ्यासक्रम कळवलात तर बरे होईल. परीक्षक मंडळ तिघांचे लागते, हे नियमावलीत आहे. बाकीचे दोघे कोण? आणि बावन्न वर्षांच्या उमेदवाराला खुर्चीत पाठीला उशी घेता येते का?

उमेदवार, वा. खां.


मेंदोसा, २३ जुलै २०१९

प्रिय बाई,

मालार्ग्वेहून परत पोहोचलो. तुमच्या बहिणीने दिलेले शेळीचे मांस अर्धे बसमध्येच संपले, शेजारच्या म्हाताऱ्याच्या मदतीने. वीस तारीख मित्रदिनाची होती, हे मला जाताना बसमध्ये कळले. मागच्या रांगेत पाचसहा पोरे एकमेकांच्या गळ्यात पडून गात होती. तारीख तुम्ही मुद्दाम निवडलीत का, हे विचारायचे मनात होते. तुम्ही ‘योगायोग’ म्हणाला असता, म्हणून विचारले नाही.

शनिवारी जे झाले ते तुम्हालाच लिहून पाठवण्यात अर्थ नाही, तरी लिहितो. मला ते माझ्या अक्षरात हवे आहे.

दार तुमच्या बहिणीने, चोलाबाईंनी उघडले. मला खालून वर पाहिले आणि आत ओरडल्या, “ओफे, तुझा हेवेवाला आला गं!” मी दारातच पास-नापास काय ते समजून चुकलो.

आत स्वयंपाकघरात तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसलेल्या, पांढरा एप्रन घालून, फळ्याकडे जाताना घालायचात तोच. शेजारी चोलाबाई, ‘दुसऱ्या परीक्षक’. तिसऱ्या खुर्चीवर मांजर. आणि टेबलावर तुमच्या घरच्या लॉटरीची जाळीची गोल पेटी, आत आकडे घातलेल्या लाकडी गोळ्या. इथे वीस वर्षे मी तोंडी परीक्षेत प्रश्न ठरवायला पोरांना गोळी काढायला लावत आलो; स्वतः कधी काढली नव्हती.  

चोलाबाईंनी पेटी फिरवली. “काढ.”

“त्रेपन्न.”

“त्रेपन्न,” तुम्ही वहीत लिहिलेत. “गोल मापनपद्धतीत दिवेर्खेन्सिया. सिद्ध कर.”

“आणि बारा निघाली असती तर?”

“गोल मापनपद्धतीत दिवेर्खेन्सिया. कर सुरू. त्रिकोण नाही, शब्दही नाहीत. पाणी.”

मी कागदावर डबा काढला. चोलाबाई वाकून म्हणाल्या, “हे काय गं, कांदा?” तुम्ही उठलात, ओट्यावरची बिही फळाच्या मुरंब्याची टार्ट आणलीत, गोल, जाळीदार, अजून कोमट. तिचा एक तुकडा कापलात आणि त्याचे टोक सुरीने उडवलेत. राहिला तो तुमचा डबा: आतला काठ लहान, बाहेरचा मोठा.

“अगं, पाहुण्यांसाठी केलेली!” चोलाबाई.

“पाहुणा उमेदवार आहे. बोल, वामन. आतून किती पाणी शिरलं?”

मी बोललो. वेग दोन्ही काठांवर सारखा धरला, तरी बाहेरचा काठ लांब, म्हणून बाहेर जास्त पडते. वेग वाढला नाही तरी बाहेर जास्त. ते जास्तीचे, डब्याच्या आकाराने भागले, की वेग भागिले अंतर. तेच पद. मी ‘म्हणून’ म्हणालो आणि थांबलो. इतके साधे होते. अकरा वर्षे मी ते छापून विकत होतो आणि मला ते कधी दिसले नव्हते.

तुम्ही मांजराकडे पाहिलेत, चोलाबाईंकडे पाहिलेत. “सात,” म्हणालात.

“दहापैकी सातच?”

“डबा कांद्यासारखा आला. आणि अकरा वर्षं उशीर. चारवर पास करतात, तक्रार कसली करतोस?”

मग आपण तो डबा खाल्ला, आणि मी विचारले. तुम्ही त्या दिवशी कौन्सिलसमोर का बोलला नाहीत? एक वाक्य सांगितले असते तर पुरे होते.

तुम्ही सुरी पुसायला घेतलीत. मग जे म्हणालात ते असे: “बोलले असते तर त्यांनी टिपणं रद्द केली असती. चुका असलेलं पुस्तक कोण छापतं? आणि टिपणं चांगली होती रे. माझ्यापेक्षा चांगली. पोरांना वाचाविशी वाटतील अशी. माझी कुणी घरी नेत नव्हतं. तुझ्या नव्वद पानांत दोन पानं सडलेली होती, तेवढी मी कापली. त्रिकोणाचा मला राग नव्हता कधी. त्याच्यावर जीव टाकणाऱ्या पोरांची भीती होती. तू त्यातला पहिला.”

“आणि मी ‘हेव्यापोटी’ म्हटलं तेव्हा?”

“तेव्हा वाटलं, गोंद वाया गेला.” मग सुरी खाली ठेवत: “नंतर नाही वाटलं.”

चोलाबाई उठून उगाचच नळाखाली ताटे धुऊ लागल्या. स्वच्छ होती ती.

मी अर्ज पुढे केला. पेन उघडून दिले. तुम्ही शेवटपर्यंत वाचलात, चष्म्यावर चष्मा चढवून, आणि परत माझ्याकडे सरकवलात.

“सही नाही करणार.”

“पण पास झालो ना मी!”

“बोलू म्हटलं होतं, सही करीन नाही म्हटलं. यात लिहिलंय, ठपका काढून टाकावा. का काढायचा? छपाई मी थांबवली होती. मी वर्गाची प्रमुख, तू माझा सहायक, तुला न विचारता तुझी पानं कापली. खरं आहे ते. खोटं असतं तर सही केली असती.”

“मग करायचं काय?”

“का थांबवली ते लिही खाली. जे आहे ते राहू दे, जे राहिलंय ते घाल.”

“असा फॉर्म नाही, बाई. एचार्तबाई मला खिडकीतून बाहेर टाकतील.”

“पहिला मजला आहे. टाकू दे.”

येताना बसमध्ये मला तुमचा राग आला, कबूल करतो. सही मिळाली असती तर काम सोपे होते: मी एक कागद द्यायचा, एक कागद नाहीसा व्हायचा, आणि माझे वाक्यही त्याच्याबरोबर. बस सान राफाएलला थांबेपर्यंत मला कळून चुकले की तुमचा ठपका पुसण्यापेक्षा मला माझे वाक्य पुसलेले जास्त हवे होते. तुम्हाला हे टार्ट कापतानाच ठाऊक होते, असा मला दाट संशय आहे.

लिहितो. तुमच्या टार्टची उरलेली पाचर समोर घेऊन बसलो आहे. खाली जे घालायचे ते घालतो, आणि वरचे एक अक्षरही खोडत नाही. ठपक्यासकट तुम्हाला एमेरिता करतील की नाही, ते मला आज सांगता येत नाही.

वामन


मेंदोसा, २९ ऑगस्ट २०१९

प्रिय बाई,

काल बैठक झाली. सकाळपासून गरम झोंदा वारा सुटलेला, खिडक्या बंद, सगळ्यांची डोकी दुखत होती. विषयपत्रिकेवर मी तिसऱ्या क्रमांकावर होतो, गच्चीवरच्या गळतीनंतर.

उभा राहिलो आणि आधी जुने इतिवृत्त वाचले, ‘हेव्यापोटी’सकट. मग म्हटले, याच्या खाली पुढील मजकूर जोडावा अशी माझी विनंती आहे: छपाई पंधरा दिवस थांबवून प्रा. बेर्तोना यांनी टिपणांतील दोन गंभीर चुका स्वतःच्या हाताने दुरुस्त केल्या; त्या चुका लेखकाच्या होत्या; लेखकाने चौकशी न करता तक्रार केली; ‘हेव्यापोटी’ हा शब्द लेखकाने कोणत्याही आधाराशिवाय वापरला; आणि अकरा वर्षे विद्यार्थी जे शिकले ते बेर्तोना यांच्या पट्ट्यांवरून. सोबत रूलोची दोन मूळ पाने जोडली. रूलो स्वतः दारात उभा होता, टोपी हातात; त्याला आत येऊ द्या म्हटले तर म्हणाला, मी फक्त पानं परत न्यायला आलोय.

डीनसाहेबांनी ती पाने उजेडात धरून पाहिली. स्थापत्यवाले आहेत, त्यांना गोंद कळतो.

“डॉक्टर खांबेटे, हे दप्तरात गेलं तर कायमचं राहील. तुमच्या नावावर.”

“हो.”

“टिपणांचं पुस्तक करायचं ठरतंय ना यंदा?”

“ठरत होतं. मुखपृष्ठावर दोन नावं असतील तर ठरेल.”

एचार्तबाईंनी विचारले, हा ठपका काढायचा की ठेवायचा, मला एका शब्दात सांगा, माझ्या रकान्यात दोनच पर्याय आहेत. मी म्हटले, ठेवायचा आणि वाढवायचा. त्यांनी पेन खाली ठेवले. वीस मिनिटे नियमावली उलटसुलट झाली. शेवटी जलविभागाचे ओर्तुबिया, तुमचे जुने विद्यार्थी, कपाळ चोळत म्हणाले, “हे वाचून जर कुणाला हा ठपका वाटत असेल तर त्याने हात वर करावा.” एकही हात वर गेला नाही. एचार्तबाईंनी रकान्याबाहेर समासात लिहिले. त्यांच्या आयुष्यातले पहिले समासातले लेखन असावे. अक्षर वाकडे आले आहे.

एमेरिताचा प्रस्ताव लगेच त्याच्यामागे घेतला. अकरा बाजूने, विरोध शून्य, एक तटस्थ. तटस्थ माणसाचे डोके खरोखरच दुखत होते, तो बाहेर गेला होता.

फॅकल्टीचे रीतसर पत्र तुम्हाला येईलच, शिक्क्यासकट, दोन महिन्यांनी. हे त्याआधीचे.

आज सकाळी परीक्षा विभागात गेलो, डिसेंबरच्या याद्या द्यायला. विश्लेषण–तीन अकरा तारखेला आहे. आयलेनचे नाव आहे. खिडकीतली मुलगी नवी आहे, कुणाला ओळखत नाही. तिने फॉर्म पुढे सरकवला आणि विचारले, “परीक्षक मंडळाचे अध्यक्ष?”

मी तुमचे नाव सांगितले. स्पेलिंग विचारले, तेही सांगितले.

“आणि तुम्ही कोण?”

“त्यांचा सहायक,” मी म्हटले.

तिने तसे लिहून घेतले. मी दुरुस्त केले नाही.

आपला,
वामन